सांगोल्याहून हुलजंतीपर्यंत

मिरजेहून पंढरपुराकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे कवठेमहांकाळ मागे पडताच भूमीचे रूप पालटू लागते. कृष्णाकाठचे उसाचे मळे दिसेनासे होतात. लांबच लांब माळ, बोरी-बाभळींची विरळ झाडे, शेतांचे दगडी बांध आणि मधूनच एखादी हिरवीगार डाळिंबाची बाग असा देखावा सुरू होतो. जत रोडचे स्टेशन मागे टाकून गाडी सांगोल्यास येते. हा लोहमार्ग बार्शी लाइट रेल्वेने १९२७ साली घातला, तेव्हा त्याचे रूळ अरुंद होते. आमच्या बाळपणी त्या चिमुकल्या गाडीच्या खिडकीशी बसण्यावरून भावंडांत जी रणे माजत, त्यांची आठवण अद्यापि ताजी आहे. आता रूळ रुंद झाले आहेत. आणि ज्या स्टेशनावर आमच्या आठवणीत वारकरी व बाजारकरी यांखेरीज फारसे कोणी दिसत नसे, त्याच स्टेशनावरून २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे फळे व भाजीपाला घेऊन थेट बंगालमधील शालिमारास रवाना झाली. काळाची गती अशी विलक्षण असते.

आम्ही, आमचे कुटुंब, चिरंजीव, सूनबाई आणि नऊ वर्षांची नात असे पाच जण पुण्याहून निघून ऐन दिवाळीत सांगोल्यास उतरलो, त्यास एक कारण घडले. आमच्या वडिलांची थोरली बहीण, जिला आमच्या घरात तीन पिढ्या 'आक्का' म्हणूनच ओळखतात, ती नव्वदीला टेकली आहे. सांगोला हे तिचे माहेर. सासर विजापूर जिल्ह्यातील इंडी तालुक्यात. "एकदा माहेरची दिवाळी पाहीन आणि हुलजंतीच्या महालिंगरायाचे दर्शन घेईन, मग माझे काही मागणे नाही," असा तिचा निरोप आला. अशा निरोपास नाही कोण म्हणणार? आमचा पेठेतील जुना वाडा झाडून सारवून सिद्ध केला, आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आक्का, तिचा थोरला नातू, नातसून आणि दहा वर्षांचा पणतू अशी मंडळी मोटारीने येऊन पोहोचली.

वाचकांस सांगोल्याचा थोडासा परिचय करून देणे येथे अवश्य आहे. आज हे अवर्षणग्रस्त मुलखातील तालुक्याचे गाव म्हणून ओळखले जात असले तरी एके काळी 'सोन्याचे सांगोले' अशी याची ख्याती होती. येथील किल्ला विजापूरच्या बादशाहीतला. १८०२ साली होळकरांच्या फौजेतील पठाणांनी गाव लुटले आणि तेव्हापासून ते सोने गेले, असे जुन्या सरकारी गॅझेटियरात नमूद आहे. मराठ्यांच्या इतिहासात तर या गावास फारच मोठे स्थान आहे. १७५० साली प्रतिनिधींच्या बाजूचा यमाजी शिवदेव या किल्ल्यात बंड करून बसला. त्याचे पारिपत्य करण्यासाठी सदाशिवरावभाऊ छत्रपती रामराजांस बरोबर घेऊन आले, आणि त्याच मुक्कामी छत्रपतींनी राज्यकारभाराची सूत्रे पेशव्यांच्या स्वाधीन करण्याचा करार झाला. सातारची गादी राहिली, परंतु सत्ता पुण्यास गेली, ती या माळावरील गावातून.

दुसरी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. इंग्रजी अमदानीत सांगोला हा सोलापूर जिल्ह्याचा तालुका; परंतु त्याच्या पूर्वेस मंगळवेढे होते ते सांगलीकर पटवर्धनांचे, दक्षिणेस जत होते ते डफळ्यांचे, आणि पश्चिमेस आटपाडी होती ती औंधकर पंतप्रतिनिधींची. आमचे आजोबा विनोदाने म्हणत की, सकाळी घरून निघालेला मनुष्य रात्री मुक्कामास पोहोचेतो तीन राजांची प्रजा होऊन येतो. १९४८ साली ही संस्थाने विलीन झाली. तात्पर्य, या मुलखास सीमा नवी नाही. नवी गोष्ट एवढीच की, पूर्वीच्या सीमा राजांच्या होत्या. त्या ओलांडताना कोणी कोणास 'तुझी भाषा कोणती' असे विचारीत नसे.

भाषेचे येथील मिश्रण फार जुने आहे. सांगोल्याच्या आठवड्याच्या जनावरांच्या बाजारात खिल्लारी बैल घेण्यासाठी कर्नाटकातील शेतकरी येत. विकणारा मराठी, घेणारा कानडी, आणि सौदा उपरण्याखाली बोटे दाबून व्हायचा. तेथे दोहोंपैकी कोणत्याच भाषेची गरज पडत नसे, आणि पडलीच तर बाजारातील प्रत्येक दलाल दोन्ही भाषा सारख्याच वेगाने बोले. आडनावे पाहा: पाटील, देसाई, देशपांडे, कुलकर्णी हीच सीमेच्या दोन्ही अंगांस. ज्या तुपावाचून आमची पुरणपोळी ताटात शोभत नाही ते 'तूप' मुळात कानडी 'तुप्प', आणि ज्या 'अण्णा', 'आक्का', 'आप्पा' या नावांनी आम्ही वडीलधाऱ्यांस हाक मारतो तीही कानडीतूनच आमच्या घरात आली. आमच्या देशस्थ घराण्यांत तर विजापूर, धारवाड येथील सोयरिका ही नित्याची गोष्ट होती. मुलगी दिली जाई ती घराणे पाहून, गोत्र पाहून आणि पत्रिका पाहून. भाषा ही ती सासरी गेल्यावर वर्षभरात शिकेल अशी सर्वांची खात्री असे.

आक्काचेही असेच झाले. १९५४ साली तिचे लग्न झाले तेव्हा सोलापूर आणि विजापूर हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. माहेर व सासर यांमध्ये राज्याची सीमा नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विजापूर, धारवाड, बेळगाव व कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि आक्का घराचा उंबरा न ओलांडता परराज्यात जाऊन पडली. वाड्यातील फडताळात आजोबांनी जपून ठेवलेला तिच्या पत्रांचा एक गठ्ठा आहे. नरकचतुर्दशीच्या दुपारी तो सोडून आम्ही तिच्यासमोर एकेक पत्र वाचू लागलो. पहिल्या कार्डांवर पत्ता 'मुंबई राज्य' असा; पुढे 'म्हैसूर राज्य' झाला; १९७३ नंतर 'कर्नाटक'. २०१४ साली विजापूरचेही नाव सरकारदप्तरी 'विजयपुर' झाले, परंतु तोवर पत्रे लिहिण्याची रीतच संपली होती. घर एकच, पिंपळाचा पार एकच, पत्ते मात्र बदलत गेले.

त्या पत्रांत आणखी एक बदल दिसला, आणि तो आम्हांस अधिक लागला. प्रथम प्रथम सारे पत्र आक्काच्या मोत्यासारख्या मराठी अक्षरात. मग शेवटी मुलाने काढलेल्या दोन वेड्यावाकड्या मराठी ओळी. पुढे त्याच मुलाच्या ओळी कानडीत येऊ लागल्या, आणि त्यांखाली आक्का मराठीत त्यांचा अर्थ लिही. १९६१ च्या एका पत्रात तिने शिरगणतीची हकीकत लिहिली आहे. गणना करणारा मास्तर मातृभाषा विचारू लागला. घरधन्यांनी 'कन्नड' सांगितली, हिने आतून 'मराठी' सांगितली, आणि ओसरीवर खेळणाऱ्या मुलांची कोणती लिहावी याचा निर्णय होईना, तेव्हा मास्तर चहा पिऊन बापाचीच लिहून घेऊन गेला. पत्रात आक्काने हे हसत लिहिले आहे. आता मात्र ते ऐकताना ती हसली नाही. "बरोबरच होते त्याचे," ती म्हणाली, "एकच रकाना होता ना रे त्याच्यापाशी!"

त्या रात्री फराळ झाल्यावर जे घडले ते लिहिताना संकोच वाटतो, परंतु प्रवासवर्णनात केवळ देवळे आणि डोंगर यांचेच वर्णन करावे असा काही नियम नाही. आमचे चिरंजीव आणि आक्काचा नातू यांमध्ये बेळगावावरून वाद उद्भवला. एकाने सीमाभागातील मराठी जनतेवर झालेल्या अन्यायाचा पाढा वाचला. दुसऱ्याने विचारले की, मग अक्कलकोट आणि जत येथील कानडी माणसांचे काय? एकाने १ नोव्हेंबरला बेळगावात पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिवसाचा उल्लेख केला. दुसऱ्याने तोच दिवस आपल्या राज्याचा उत्सव असल्याचे बजावले. आवाज चढले. आमचे लक्ष मात्र एका गोष्टीने वेधून घेतले. हे दोघे भाऊ, एक मराठीचा कैवार घेऊन आणि दुसरा कन्नडचा कैवार घेऊन, भांडत होते ते इंग्रजीत! याला त्याची भाषा येत नव्हती आणि त्याला याची येत नव्हती. आक्का भिंतीशी टेकून बसली होती. तिला त्या भांडणातील 'बेळगाव' या एका शब्दाखेरीज काहीच समजले नाही. परंतु नातवंडे भांडत आहेत एवढे समजले, आणि तिने डोळ्यांस पदर लावला. तत्क्षणी दोघेही गप्प झाले.

या वादातील दोन्ही पक्षांस आपापली बाजू आहे, हे आम्ही नाकारीत नाही. सेनापती बापटांनी १९६६ साली या प्रश्नासाठी उपोषण केले. त्यानंतर निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला आणि १९६७ साली त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर यांसह २६४ गावे महाराष्ट्रास द्यावी, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर यांतील व जतेकडील मिळून २४७ गावे म्हैसूरास द्यावी, आणि बेळगाव शहर आहे तेथेच राहावे, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्राने ती मान्य केली नाही. २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. ज्या मराठी बापास आपल्या गावच्या कचेरीतील कागद वाचता येत नाही त्याचे दुःख खरे आहे. आणि ते दुःख जर खरे, तर सीमेच्या अलीकडे अशाच स्थितीत असलेल्या कानडी बापाचे दुःखही तितकेच खरे मानणे आम्हांस भाग आहे. जत, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, आणि त्यांची पुस्तके आपली बालभारतीच छापते. ही गोष्ट आपल्या राज्यास भूषणावह आहे, आणि सीमेपलीकडे मराठी शाळांसाठी मागणे मागताना आपला सर्वांत भक्कम आधारही हाच आहे.

आणि खुद्द सीमेवरील गावे काय म्हणतात? २०१२ साली जत तालुक्यातील काही कोरडवाहू गावांनी 'पाणी द्या, नाही तर आम्ही कर्नाटकात जातो' असा ठराव केला होता. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्या ठरावाचा आधार घेऊन त्या गावांवर हक्क सांगितला आणि मोठा गहजब उडाला. त्या गावांत मराठी बोलणारेही आहेत आणि कानडी बोलणारेही आहेत. ठराव मात्र भाषेचा नव्हता, पाण्याचा होता. ज्याच्या विहिरीस माघापर्यंत पाणी टिकत नाही त्यास राजधानी मुंबई आहे की बेंगळूर, हा प्रश्न दुय्यम वाटला तर त्यास दोष कोणी द्यावा?

असो. दुसऱ्या दिवशी अमावास्या. सकाळीच आम्ही मंगळवेढ्यास निघालो. आदल्या रात्रीच्या वादामुळे दोन्ही बंधू एकमेकांशी जपून, अतिशय सभ्यपणे बोलत होते. घरात असा सभ्यपणा फार जड वाटतो. मोटारीच्या दोन्ही बाजूंस रब्बीच्या ज्वारीची कोवळी पोपटी शेते लागली. मंगळवेढ्याची काळी जमीन आणि तीवर पिकणारी मालदांडी ज्वारी यांची कीर्ती महाराष्ट्रभर आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मंगळवेढे आम्हां मराठी लोकांस ठाऊक आहे ते दामाजीपंतांचे म्हणून. दुष्काळात बादशाही कोठारे लोकांस मोकळी करणारा हा सत्पुरुष, आणि त्याच्यासाठी महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारी रक्कम भरणारा विठ्ठल, ही कथा कोणत्या घरात सांगितली गेली नाही? चोखोबांचा अंतही येथेच, गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून झाला अशी परंपरा सांगते. कान्होपात्रा इथलीच.

परंतु दामाजींच्या देवळात आक्काची नातसून हात जोडून म्हणाली, "आमच्याकडे मंगळवेढे म्हणजे बसवण्णांचे गाव." तेही खरेच होते. बाराव्या शतकात कल्याणीची गादी बळकावणाऱ्या कलचुरी बिज्जळाच्या घराण्याची मूळ राजधानी हीच, आणि महात्मा बसवेश्वरांनी कल्याणीस जाण्यापूर्वी येथे कारकुनी केली अशी लिंगायत परंपरा आहे. एकाच गावाच्या मातीत मराठी संत आणि कन्नड वचनकार एकमेकांशेजारी नांदत आहेत, आणि आम्ही मात्र शाळेत अर्धेच मंगळवेढे शिकलो होतो. तिनेही अर्धेच शिकले होते, फक्त दुसरे अर्धे.

पंढरपूर येथून जवळच. विठ्ठलास आपल्या संतांनी 'कानडा' म्हटले आहे, हे वारकऱ्याच्या पोरासही पाठ असते. त्या पंढरीस १२३७ सालचा होयसळ राजा सोमेश्वराचा कन्नड-संस्कृत शिलालेख आहे आणि त्यानंतर चाळीस वर्षांच्या आतला 'चौऱ्यांशीचा' मराठी शिलालेखही आहे. पलीकडे कर्नाटकात पुरंदरदासांपासून कितीतरी हरिदासांनी आपल्या पदांच्या शेवटी विठ्ठलाचेच नाव गुंफले. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली आपल्या विठ्ठलविषयक ग्रंथास 'एक महासमन्वय' असे उपनाव दिले, त्याची यथार्थता या वाटेवर चालताना पटते. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा जो लेख मिळाला, त्यास मराठीचा अत्यंत प्राचीन लेख म्हणून मान आहे. आणि ते गाव आज ऐन सीमेवर, दक्षिण सोलापुरात आहे. मायमराठीचा हा जुना दगड कानडीच्या अंगणात उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

तिसऱ्या प्रहरी आम्ही हुलजंतीस पोहोचलो. मंगळवेढे तालुक्याच्या सीमेकडील हे गाव एरवी लहानसेच; परंतु दिवाळीच्या अमावास्येस येथे महालिंगरायाची यात्रा भरते आणि महाराष्ट्र, कर्नाटक या दोन्ही राज्यांतून धनगरांचा जो महापूर लोटतो त्याचे वर्णन करणे कठीण आहे. अमावास्येच्या रात्री प्रत्यक्ष महादेव येऊन देवळाच्या शिखरास मुंडासे बांधून जातो, अशी भाविकांची श्रद्धा. दुसऱ्या दिवशी बिरोबादी देवांच्या पालख्यांची भेट होते. त्या वेळी भंडाऱ्याची, खारकांची आणि लोकरीची अशी उधळण चालते की, आकाश, ओढा आणि माणसे सारी एकाच पिवळ्या रंगात बुडून जातात. इकडे गजी ढोलावर मराठीत ओव्या चालल्या आहेत, तिकडे 'डोळ्ळु'च्या तालावर कानडी पदे उठत आहेत, आणि मधली माणसे दोन्हींवर सारखीच डोलत आहेत. आमच्या शेजारच्या घोंगडीवर बसलेल्या एका वृद्ध धनगरास आम्ही सहज विचारले, "बाबा, देव कोणत्या भाषेत बोलतो?" म्हातारा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, "मेंढरं कुठं इचारत्यात?"

या बिरोबा-म्हस्कोबांचा शोध घेण्यासाठी एक जर्मन पंडित आयुष्यभर धनगरांच्या वाड्यांवर हिंडला, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. हायडेलबर्गचे डॉ. गुंथर सोन्थायमर हे ते गृहस्थ. मराठी शिकून, धनगरांच्या ओव्या ऐकून व लिहून घेऊन त्यांनी १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवर आपला ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. १९९२ साली ते निवर्तले. दोन भाषांत नांदणाऱ्या देवाचे त्यांनी इतक्या ममतेने वर्णन केले. त्या संध्याकाळी भंडाऱ्यात न्हालेल्या त्या गर्दीत बसून आमच्या मनात आले की, खुद्द त्यांच्या देशाच्या पूर्वसीमेवर दोन भाषांचे काय झाले होते!

जर्मन आणि पोलिश लोकांच्या सरहद्दीवर सायलेशिया म्हणून कोळशाच्या खाणींचा प्रांत आहे. तेथेही आमच्या मुलखासारखीच गत: शेजारी मिश्र, सोयरिका मिश्र, एकाच घरात दोन बोली. पहिल्या महायुद्धानंतर प्रश्न आला की, हा प्रांत जर्मनीचा की पोलंडचा? २० मार्च १९२१ रोजी उत्तर सायलेशियात सार्वमत झाले. शंभरांत सुमारे साठ मते जर्मनीस आणि चाळीस पोलंडास पडली. मागेपुढे तीन वेळा बंडे झाली, रक्त सांडले, आणि १९२२ साली प्रांताचे दोन तुकडे झाले. सीमारेषा गावांमधून आणि खाणींमधून गेली. अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी जिनिव्हास पंधरा वर्षांचा करार झाला, आणि त्यात मुलांच्या शाळेसाठी पालकांनी मुलाची भाषा सांगावी अशी तरतूद झाली. पुढे पोलिश अधिकाऱ्यांस संशय आला की, ज्यांस जर्मन येत नाही अशी मुलेही जर्मन शाळांत घातली जात आहेत. मग काय? १९२७ साली स्वित्झर्लंडहून एक परीक्षक आणवून लहान लहान मुलांची परीक्षा घेण्यात आली, की बाळा, तुझी भाषा कोणती! हा तंटा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि १९२८ साली न्यायाधीशांनी त्यावर निकाल दिला. सहा वर्षांच्या मुलाच्या जिभेसाठी दोन राष्ट्रांचे वकील भांडले.

त्याचे पुढे काय झाले हे जगास ठाऊक आहे. १९३९ च्या ऑगस्टअखेर त्याच सायलेशियातील ग्लायविट्सच्या रेडिओ केंद्रावर खोट्या हल्ल्याचे नाटक रचून हिटलरने दुसऱ्याच दिवशी पोलंडवर स्वारी केली. पोलिश जनतेचे जे हाल झाले त्यांस सीमा नाही. १९४५ साली पारडे फिरले. सीमा पश्चिमेस सरकली आणि लक्षावधी जर्मनांस घरेदारे टाकून जावे लागले. ब्रेसलाऊ शहराचे व्रोत्सवाफ झाले. त्या रिकाम्या घरांत येऊन राहिले ते पुष्कळसे पोलिश लोक स्वतःच निर्वासित होते, कारण त्यांची पूर्वेकडील गावे सोव्हिएत रशियाने घेतली होती. एकाचे घर गेले म्हणून दुसऱ्याचे वसले, आणि दोघेही उखडलेलेच.

ही गोष्ट दूरची वाटत असेल तर कोल्हापुराजवळील वळिवडे आठवावे. त्याच पूर्व पोलंडमधून रशियाने सैबेरियात हाकलून दिलेल्या लोकांपैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतांशी बायका आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथील छावणीत राहिली. आमच्या सांगोल्याहून गाडीने मिरज गाठावी आणि पुढे कोल्हापूर. इतके ते जवळ. ती गेली आणि फाळणीत घर गमावलेले सिंधी बांधव त्याच बराकींत येऊन राहिले. आजचे गांधीनगर ते हेच. ज्या रेघा कोठे तरी नकाशावर ओढल्या जातात त्यांनी उखडलेली माणसे कोठवर वाहत जातात, हे पाहण्यास युरोपात जाण्याची गरज नाही.

सुदैवाने कथा तेथेच संपली नाही. १९६५ साली पोलिश धर्मगुरूंनी जर्मन धर्मगुरूंस पत्र लिहून क्षमा केली आणि क्षमा मागितलीही. ज्यांचे सर्वस्व गेले होते त्यांनीच प्रथम हात पुढे केला. १९९० साली दोन्ही राष्ट्रांनी सीमा कायमची मान्य केली आणि पुढच्याच वर्षी शेजारधर्माचा तह केला. नायसे नदीच्या काठचे एक शहर १९४५ साली दुभंगून अलीकडे गोर्लिट्स व पलीकडे झ्गोझेलेत्स असे झाले होते. २००४ साली तेथे पायी चालण्याचा पूल पुन्हा उभा राहिला, आणि २००७ च्या डिसेंबरात सीमेवरची तपासणीही उठली. सीमा आहे तेथेच आहे. माणसे मात्र ये-जा करीत आहेत. परंतु इतके शहाणपण येण्यास त्यांस केवढे मोल द्यावे लागले! आमच्या सीमेवर तसला प्रलय झालेला नाही आणि ईश्वरकृपेने होणारही नाही. आमच्याकडे जे घडत आहे ते निःशब्दपणे घडत आहे: कोणी कोणास हाकलीत नाही, परंतु एका घरातील भावंडे हळूहळू एकमेकांस मुकी होत आहेत.

हा विचार मनात चालला असताना आमचे लक्ष मुलांकडे गेले. आमची नात आणि आक्काचा पणतू दोन दिवस एकमेकांकडे नुसती पाहत होती. आता भंडाऱ्याने दोघांचीही तोंडे पिवळी झाली होती, आणि त्या सोंगास हसता हसता त्यांचा संवाद सुरू झाला होता. ती बोट दाखवून म्हणे, "हळद". तो म्हणे, "अरिशिण". ती म्हणे, "मेंढी". तो म्हणे, "कुरि". मग दोघांनी एकदमच आक्काकडे बोट दाखविले. ती म्हणाली, "आजी". तो म्हणाला, "अज्जी". आणि येथे दोघेही अडली, कारण फरक काय तो सापडेना. आक्का बोळक्या तोंडाने इतकी हसली की, तिच्या डोळ्यांतून पाणी आले. आदल्या रात्री भांडलेले दोन्ही बंधू शेजारीच उभे होते. आमचे चिरंजीव जरा ओशाळून आपल्या भावास म्हणाले, "मलाही शिकव," आणि तेही, आम्ही मुद्दाम नमूद करतो, इंग्रजीतच म्हणाले. परंतु त्या इंग्रजीचा आम्हांस राग आला नाही.

भाऊबीज आटोपून मंडळी इंडीस निघाली. नातसुनेने आणलेल्या शेंगापोळ्यांचा, त्यांच्याकडे त्यांस 'शेंगा होळिगे' म्हणतात, डबा रिकामा परत देऊ नये म्हणून आमच्या कुटुंबाने त्यात चकल्या भरल्या. मोटारीत बसताना पणतू दोन दिवसांत शिकलेले मराठी आठवून म्हणाला, "येतो, आजी." आमची नात घोकून ठेवल्याप्रमाणे म्हणाली, "होगि बर्रि." जाऊन या, असा त्याचा अर्थ. निरोपाच्या वेळी 'जातो' हा शब्द तोंडातून काढू नये, हा संस्कार दोन्ही भाषांत सारखाच आहे, हे आम्हांस या वयात प्रथमच कळले.

पुण्यास परतल्यावर एक कन्नड अंकलिपी मागविली आहे. वर्णमाला आपलीच आहे, अ आ इ ई याच क्रमाने. एक ऱ्हस्व ए आणि एक ऱ्हस्व ओ तेवढा अधिक. आपला 'ळ', जो हिंदीस अपरिचित आहे, तो त्यांच्याकडेही ठाण मांडून बसला आहे. रोज सायंकाळी दिवेलागणीनंतर आजोबा आणि नात दोघे पाटी घेऊन बसतात आणि ती गोल गोल अक्षरे गिरवतात. आमची प्रगती तिच्याहून मंद आहे हे प्रांजळपणे कबूल करतो. ज्या कुटुंबांची अर्धी सोयर सीमेपलीकडे आहे, आणि आमच्या वाचकांत अशी कुटुंबे पुष्कळच असतील, त्यांस आमची एवढीच विनंती: सीमेचा निकाल न्यायाधीश देतील तेव्हा देतील, तोवर आपल्या मुलांस आतेभावाच्या भाषेतील निदान एक पत्र लिहिता यावे, एवढी सोय घरच्या घरी करता येण्यासारखी आहे. आक्कास जाणारे पुढचे पत्र आमची नात लिहीत आहे. वरच्या चार ओळी मराठीत आहेत. खालची एक ओळ कन्नडात आहे, आणि तिचा अर्थ लिहिण्याचे काम या खेपेस आक्काच्या पणतूकडे सोपविले आहे.